माझा १७ वर्षांचा मुलगा सतत जुने रेडिओ कार्यक्रम ऐकतो आणि कृष्णधवल सिनेमे बघतो. काळजी करावी का?

तुमचा प्रश्न वाचून आधी हसूच आलं. माझ्याबद्दल अगदी हेच गाऱ्हाणं आई मावशीला फोनवर सांगत होती आणि मी शेजारच्या खोलीतून ऐकत होते. तुम्ही लिहिलंय की मुलगा बारावीला आहे, हेडफोन लावून अमीन सयानींची गीतमाला, म्हणजे हिंदी गाण्यांचा तो जुना रेडिओ कार्यक्रम, ऐकत बसतो, रात्री प्रभात फिल्म कंपनीचे सिनेमे लावतो, वर्गातल्या मुलांशी बोलायला विषयच नाही म्हणतो, आणि आता वाढदिवसाला त्याला वॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा जुना रेडिओ हवाय. तो घेऊन द्यावा, की त्याने वेड आणखी वाढेल, हा तुमचा खरा प्रश्न दिसतोय.

घेऊन द्या. फक्त बाजारात जाण्याआधी हे उत्तर शेवटपर्यंत वाचा, कारण त्यात विजेचा मामला आहे.

मी तेवीस वर्षांची आहे. मूळची साताऱ्याची, नोकरीसाठी पुण्यात. रेडिओ सिलोन, शटरवाला टीव्ही, गच्चीवरचा अँटेना फिरवत 'आलं का? आलं का?' ओरडणं, यातलं काहीही मी अनुभवलेलं नाही. त्यामुळे 'जुन्या आठवणींत रमतो' हे निदान आमच्या बाबतीत बसतच नाही. आठवणीत रमतात ते प्रत्येक जुन्या गाण्याखाली 'गेले ते दिवस' लिहिणारे काका. (त्यांच्याच खाली 'आज हे कोण कोण ऐकतंय?' विचारणारे माझ्या वयाचे असतात, म्हणजे आम्हीही काही कमी नाही.) मला स्वतःला तो 'आमच्या वेळी' सूर सहन होत नाही. जुन्या दूरदर्शनवर रटाळ कार्यक्रमही पोत्याने होते. खुर्च्या मांडून बसलेली तीन माणसं, मध्ये फुलदाणी, आणि कुणीच कुणाचं बोलणं तोडत नाही. तुमचा मुलगाही असलं काही लागलं की पुढे ढकलत असणार, विचारून बघा.

मग आवडतं काय? माझ्यापुरतं सांगायचं तर, त्यात काम दिसतं. कुणीतरी एक अडचण समोर ठेवून ती कशी सोडवली, ते नीट कान दिला तर कळतं.

माझी सुरुवात २०२० च्या टाळेबंदीत झाली. २८ मार्चपासून डीडी नॅशनलवर रामायण पुन्हा लागलं आणि घरातले सगळे त्यासाठी वेळेवर जेवायला लागले. मला मात्र त्याच वेळी पुन्हा सुरू झालेल्या ब्योमकेश बक्षीने धरून ठेवलं. बासू चटर्जींची १९९३ ची मालिका, ब्योमकेशच्या भूमिकेत रजित कपूर. खून झालाय, पण कुणी धावत नाही. एक खोली, दोन-तीन माणसं आणि बोलणं. समोरचा माणूस विचार करत असेल तर कॅमेराही थांबतो. एवढ्याशा सामानात हे जमवलं कसं, या एका प्रश्नाच्या मागे लागून मी एकेक दशक मागे जात थेट १९३७ ला पोचले.

१९३७ म्हणजे प्रभातचा 'कुंकू'. मुलाने तो पाहिला नसेल तर आधी तो दाखवा, आणि तुम्हीही शेजारी बसा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा, भूमिका शांता आपटे यांची. काकासाहेब म्हणजे केशवराव दाते. त्या काळात बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झालेली, आणि जिथे तिथे संगीत ओतायची हौस होती. दिग्दर्शक शांतारामबापूंनी (व्ही. शांताराम) या सिनेमात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. गाणी आहेत, केशवराव भोळ्यांचीच आहेत, पण प्रसंगाला फोडणी म्हणून मागून वाजणारं वाद्य नाही. पावलं, दारं, भांडी, भिंतीवरचं घड्याळ, जे त्या घरात खरोखर वाजेल तेवढंच. नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत तेव्हा आजचा दिग्दर्शक व्हायोलिन लावेल. इथे घड्याळ ऐकू येतं. मी तो भाग एकदा नुसता ऐकला, पडद्याकडे पाठ करून, आणि तरीही घरात कोण कुणावर रागावलंय ते कळत होतं. त्याच सिनेमात शांता आपटे लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात. १९३७ साली, नऊवारीतल्या प्रेक्षकांसमोर. त्यांना ते कसं वाटलं असेल याचा विचार मी अजून करते.

हे बघायला १९३७ च्या माणसांचा मोह असायला लागत नाही. मला तर काकासाहेब बघून जीव घाबरतो. पण आवाजाचा असा वापर मी कुठल्याही कोर्समध्ये शिकले नसते, आणि माझी आत्ताची नोकरी ध्वनिसंपादनाची आहे, म्हणजे 'याने पोट भरणार का' याचंही उत्तर त्यात आलं.

आता गीतमाला. तुमच्या मुलाला ती गाण्यांसाठी आवडत असेल असं तुम्ही धरून चाललाय. गाणी तर कुठेही मिळतात. त्याला एकदा विचारा की हा हिंदी कार्यक्रम श्रीलंकेतून का व्हायचा. तो बहुधा अर्धा तास बोलेल, त्याची पूर्वतयारी म्हणून थोडक्यात सांगते. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. माणूस मराठी, शास्त्रीय संगीताचा कट्टर भक्त. सिनेसंगीताने देशाचे कान बिघडतात असं त्यांचं मत. आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली. गाणं लावताना सिनेमाचं नाव सांगायचं नाही असंही ठरलं, तेव्हा निर्मात्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. इकडे कोलंबोला, रेडिओ सिलोनकडे, महायुद्धाच्या वेळचा दणकट शॉर्ट वेव्ह प्रक्षेपक आयता उभा होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बिनाका गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि बुधवारी रात्री तिथून सगळ्या भारताला ऐकू यायची. केसकर शास्त्रीय संगीत लावत राहिले आणि लोक काटा फिरवून सिलोन लावत राहिले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीलाच विविध भारती काढावी लागली. केसकरांची टिंगल करणं सोपं आहे. पण शास्त्रीय गायक-वादकांना नियमित बिदागी आणि घरोघरी श्रोते मिळाले ते याच आग्रहामुळे, हेही खरं. सतरा वर्षांच्या मुलाला एका काउंटडाउन कार्यक्रमातून सरकारी धोरण, पैसा आणि तंत्रज्ञान एकत्र कळत असेल तर तो वेळ वाया घालवतोय असं मला तरी म्हणवत नाही.

आकाशवाणीची ती सकाळची धून आहे ना, तंबोऱ्यावर व्हायोलिनची? ती वॉल्टर कॉफमन नावाच्या चेक ज्यू संगीतकाराची. युरोपात नाझींची सावली पडायला लागली तेव्हा, १९३४ मध्ये, तो मुंबईला आला आणि पुढे आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीत सांभाळायला लागला. शिवरंजनीचे सूर, एका परागंदा माणसाने बांधलेले, आणि आपल्या आजोबांची पिढी त्यावर घड्याळ लावायची. हे मला कळलं त्या दिवसापासून ती धून मला वेगळी ऐकू येते.

आता या छंदातली दुखरी जागा सांगते, म्हणजे मुलगा अधूनमधून हिरमुसलेला का दिसतो ते कळेल. यातलं बरंचसं उरलेलंच नाही. 'आलम आरा', १९३१ चा आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज नाही. 'राजा हरिश्चंद्र'चे काही तुकडेच हाती आहेत. जुनी फिल्म नायट्रेटची असायची, ती पेट घ्यायची आणि पेटली नाही तर सडायची. वर तिच्यात चांदी असायची, म्हणून जुने सिनेमे चांदीसाठी विकले गेले. टीव्हीची कथा आणखी वाईट. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. स्मिता पाटील तिथे मराठी बातम्या द्यायच्या, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे चिमणराव-गुंड्याभाऊ करायचे. पण टेप महाग होती, म्हणून कार्यक्रम दाखवून झाला की तीच टेप पुसून तिच्यावर दुसरं काही घ्यायचे. बातम्या तर प्रत्यक्ष प्रक्षेपणातच हवेत विरून जायच्या. गीतरामायणाचंही बघा. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं, दर आठवड्याला एक नवं गीत, एकूण ५६. त्या मूळ प्रसारणात वसंतराव देशपांडे, माणिक वर्मा, लता मंगेशकर असे वेगवेगळे आवाज होते. आज घराघरांत वाजतं ते मात्र बहुतेक सगळीकडे बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, एकट्याच्या आवाजातलं. ते उत्तमच आहे, पण लोकांनी १९५५ साली रेडिओला हार घालून ऐकलं ते हे नव्हे.

याला एक उलटी बाजूही आहे आणि ती मला फार आवडते. बीबीसीने 'डॉक्टर हू' या मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग असेच पुसून किंवा फेकून दिले. चित्र गेलं ते गेलं, पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. कसा? मालिकेची वेडी काही पोरं घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसायची. आई-वडिलांना तेव्हा काय वाटलं असेल याची कल्पना तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येईल.

म्हणून एक काम सांगते, मुलाबरोबर करण्यासारखं. घरात, आजोळी, माळ्यावर कॅसेट असतील तर त्या काढा. छापील कव्हरच्या सोडा. ज्यांच्यावर पेनने काहीतरी खरडलंय, त्या बघा. ऐंशी-नव्वदच्या दशकात लोक रेडिओवरून श्रुतिका (रेडिओवरची नाटकं), कीर्तनं, भाषणं, 'आपली आवड'मधली गाणी टेप करून ठेवायचे. आकाशवाणी केंद्राकडे नसेल असं काही तुमच्या माळ्यावर असू शकतं. आमच्या आत्याकडे एका भजनांच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला अर्धी श्रुतिका निघाली, मध्येच कुकरच्या तीन शिट्ट्या आणि 'आवाज कमी कर गं' असा आजीचा आवाज. आजी मी पाहिलेली नाही. लावण्याआधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे कान तोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. मग टेप एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं पडून पदर एकमेकांना चिकटलेले असतात. प्लेअरचं हेड कापसाने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला, ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, झालं. बुरशीचा पांढरा थर दिसला तर मात्र चांगल्या प्लेअरमध्ये ती कॅसेट घालू नका, बाकीच्याही खराब होतील.

मित्रांचं. खोटं कशाला सांगू, बारावीत मलाही या विषयावर बोलायला वर्गात कुणी नव्हतं. इतर विषयांवर होतं, आणि तेवढं पुरलं. या छंदातली माणसं मला नंतर भेटली आणि ती निम्मी साठीच्या पुढची निघाली. एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक, एक बँकेतले काका ज्यांच्याकडे फक्त रेडिओची लायसन्स बुकं आहेत. हो, रेडिओला लायसन्स लागायचं. पोस्टात जाऊन वर्षाची फी भरायची, पुस्तकात तिकिटं चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. पुण्याच्या आसपास असाल तर लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. तिथे जुन्या सिनेमांचे खेळ होतात, त्यावर लक्ष ठेवा. मोठ्या पडद्यावर, अंधारात, अनोळखी लोकांबरोबर तो एकदा सिनेमा बघू दे. घरातल्या मोबाइलवर बघण्यापेक्षा ते वेगळं असतं आणि बाहेर चहाच्या टपरीवर ओळखी होतात. मुलगा जेवत-झोपत नसेल, घरातही बोलत नसेल, तर ती निराळी गोष्ट आहे. तेव्हा डॉक्टरांशी बोला. पण ते खापर गीतमालेवर फोडू नका.

आता रेडिओ. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट. दुकानदार हमखास 'चालू आहे, फक्त वायर नाही' म्हणेल. हसून पुढचं बघा. सगळ्यात आधी डायलची काच. वॉल्व्ह आजही मिळतात, कंडेन्सर नवे मिळतात, ट्रान्सफॉर्मर गुंडाळून मिळतो. पण मुंबई, दिल्ली, सिलोन, कराची अशी गावांची नावं छापलेली ती काच फुटली असेल तर पुन्हा मिळत नाही. मग मागचं झाकण काढून आत बघा. उंदरांनी वायरी खाल्ल्यात का, कुणी अर्धे भाग काढून नेलेत का. पेटीचं पॉलिश गेलं असलं तर दुर्लक्ष करा, तेवढ्यावर भाव पाडून घ्या.

घरी आणून लगेच प्लग लावायचा नाही. हे मुलाला आधी शपथेवर सांगा, कारण हात शिवशिवतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे कागदी कंडेन्सर आतून गळायला लागलेले असतात, एकदम पूर्ण दाब मिळाला की ते फुटतात आणि सोबत ट्रान्सफॉर्मर घेऊन जातात. मेकॅनिक लोक सिरीज बल्ब वापरतात. रेडिओच्या वाटेत साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब जोडायचा, एलईडी चालत नाही. चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण तेजाने पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. दुसरं, या सेटमध्ये दोन-अडीचशे व्होल्टचा डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहतो. काही सेटना ट्रान्सफॉर्मरच नसतो, त्यांच्या चॅसीलाच, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यालाच, थेट करंट असू शकतो. म्हणून पहिला सेट एखाद्या जुन्या मेकॅनिकच्या हाताखाली बसूनच उघडायचा. असे मेकॅनिक गावोगाव आहेत, दुकानाची पाटी मोबाइल रिपेअरिंगची असते आणि आत टेबलाखाली वॉल्व्हचे खोके असतात. शिकायला आलेलं पोरगं बघून ते किती खूश होतात ते तुम्हीच बघा. सोल्डरिंगचा डाग कसा द्यायचा इथपासून शिकवतील आणि बहुधा पैसे घेणार नाहीत. चहा-बिस्किटं न्या.

दुरुस्त झाल्यावर तो बटण फिरवेल आणि काहीच होणार नाही. घाबरू नका, वॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो. आधी धूळ तापल्याचा वास येतो, मग बारीक घरघर, मग आवाज वर येतो. सेटला मॅजिक आय, म्हणजे हिरवा उजेड देणारी छोटी काचेची नळी, असेल तर त्या उजेडातली काळी फट केंद्र नीट लागलं की मिटत जाते. पुण्याचं केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, मुंबईची अस्मिता ५५८ वर. दिवसा घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर मीडियम वेव्हवर प्रचंड खरखर करतात, तेव्हा ते बंद करायला तो मागे लागेल, त्याचं ऐका. खिडकीतून अँटेनाची दहा-पंधरा फूट वायर बाहेर सोडली तर चांगलाच फरक पडतो, मात्र विजा चमकायला लागल्या की ती काढून ठेवायची. खरी मजा अंधार पडल्यावर. दिवसा मीडियम वेव्ह शोषून घेणारा वातावरणातला थर सूर्य मावळला की विरतो, मग लहरी वरच्या थरावरून परत खाली येतात आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रं लागायला लागतात. कुठली तरी न कळणारी भाषा मोठी होत जाते, पुन्हा बुडते.

बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असेल, म्हणून सेट आता घेऊन ठेवा आणि मेकॅनिककडे जाणं परीक्षेनंतर, असा सौदा करून बघा. माझ्या आईने केला होता. मी निदान पेपर तरी वेळेवर संपवले.